हजारातली दोन अंडी

पृथ्वीवर या घडीला जिवंत असलेल्या कीटकांचा जो अंदाज सर्वाधिक सांगितला जातो, तो लिहायला एकावर एकोणीस शून्यं द्यावी लागतात. आपल्या जुन्या मोजणीत एकं, दहं, शतं करत वर चढलं की परार्धाशी पायऱ्या संपतात, आणि परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. कीटकांसाठी असे शंभर परार्ध लागतात. जगाची लोकसंख्या आठशे कोटी धरून समान वाटणी केली, तर माणशी सव्वाशे कोटी कीटक येतात. २०११च्या जनगणनेत सबंध भारताची लोकसंख्या १२१ कोटी होती. म्हणजे तुमच्या एकट्याच्या नावावर भारतभर किडे!

हा आकडा अर्थातच कोणी एकेक किडा मोजून काढलेला नाही. जमिनीचे छोटे तुकडे तपासायचे, त्यांतले जीव मोजायचे आणि मग गुणाकार करत जायचं, अशी ही रीत. मुंग्यांच्या बाबतीत ती बरीच काटेकोरपणे पाळली गेली आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात जगभरच्या ४८९ अभ्यासांतले आकडे एकत्र केले गेले आणि उत्तर आलं २० हजार लाख कोटी मुंग्या. माणशी पंचवीस लाख. सेकंदाला एक या वेगाने त्या मोजायला बसलं तर सुमारे ६३ कोटी वर्षं लागतील, आणि खुद्द मुंग्यांचं कूळ पृथ्वीवर येऊन साधारण १४ कोटी वर्षंच झाली आहेत. त्यांच्या शरीरांतला नुसता कार्बन १ कोटी २० लाख टन भरतो. जगातले सगळे रानटी पक्षी आणि रानटी सस्तन प्राणी एका पारड्यात घातले, तरी तराजू मुंग्यांकडेच झुकतो.

असे आकडे वाचले की मनात दोन गोष्टी ठसतात: किडे अफाट आहेत, आणि अफाट असल्यामुळे त्यांना कशाचं भय नाही. पहिली खरी आहे, दुसरी साफ चुकीची. गल्ल्यात आत्ता किती रोकड पडली आहे यावरून दुकानाची तब्येत कळत नाही. दिवसभरात किती आली आणि किती गेली ते पाहावं लागतं. कीटकांची शिल्लक डोळे दिपवते खरी, पण त्यांचं सगळं आयुष्य उलाढालीवर चालतं. ही उलाढाल शिल्लकेपेक्षाही चक्रावून टाकणारी आहे.

सहा महिन्यांत सहा पिढ्या

मक्याच्या पोंग्यात शिरून पानांची चाळण करणारी अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली पहिल्यांदा भारतात, कर्नाटकात, दिसली. त्याच वर्षी ती महाराष्ट्राच्या मक्यावरही आली. या अळीचा पतंग करड्या रंगाचा, दिव्याभोवती घिरट्या घालताना दिसला तर कोणी दुसऱ्यांदा वळून पाहणार नाही असा. त्याची मादी आयुष्यात दीड-दोन हजार अंडी घालते आणि उष्ण हवेत अंड्यापासून पतंगापर्यंतचा फेरा महिन्याभरात पुरा होतो.

हिशोब सोपा जावा म्हणून अंडी हजारच धरू. त्यांतल्या निम्म्या माद्या, आणि एकही अळी मेली नाही असं समजू. पहिल्या पिढीत ५०० माद्या, दुसरीत अडीच लाख, तिसरीत साडेबारा कोटी. चौथी पिढी ६,२५० कोटींवर जाते. सहाव्या पिढीला, म्हणजे जेमतेम सहा महिन्यांत, नर-मादी मिळून ३१ हजार लाख कोटी पतंग होतात. जगातल्या एकूण मुंग्यांच्या दीडपट, आणि तेही एका मादीपासून.

प्रत्यक्षात हे होत नाही, हे आपण रोज बघतोच. मग बाकीचे जातात कुठे? संख्या वर्षानुवर्षं आहे तेवढीच राहायची असेल, तर एका मादीच्या हजार अंड्यांतून सरासरी दोनच पतंग पुढची पिढी जन्माला घालायला उरले पाहिजेत. ९९८ मेलेच पाहिजेत. काही अंडी सुकतात, काहींत परजीवी गांधीलमाशी आपलं अंडं घालते, काही अळ्या बुरशीने मरतात, काही पावसात वाहून जातात, आणि उरलेल्या बहुतेक कोणाच्या ना कोणाच्या पोटात जातात.

आता यात किंचित फेरफार करून पाहू. दोनऐवजी तीन वाचले, तर दर पिढीला संख्या दीडपट होते आणि दहा पिढ्यांत सुमारे ५८ पट. दोनऐवजी एकच वाचला, तर दर पिढीला निम्मी होते आणि दहा पिढ्यांत हजाराव्या हिश्श्यावर येते. धाड आणि नायनाट यांच्यामध्ये हजारातल्या दोन अंड्यांचं अंतर आहे. कीटकांचे अवाढव्य आकडे या एवढ्याशा फटीवर तोललेले असतात.

खाणारी तोंडं

९९८ कुठे जातात याचा जागतिक हिशोबही झाला आहे. २०१७ साली कोळ्यांवर आलेल्या अंदाजानुसार जगातले सगळे कोळी मिळून वर्षाला ४० ते ८० कोटी टन शिकार फस्त करतात. त्यातला बहुतेक वाटा कीटकांचा. पुढच्याच वर्षी पक्ष्यांचा अंदाज आला: वर्षाला ४० ते ५० कोटी टन कीटक. सगळी मानवजात मिळून वर्षाला जेवढं मांस आणि मासे खाते, त्याच घरातले हे आकडे आहेत.

यांच्या शेजारी तिसरा आकडा ठेवला की चित्र उलगडतं. २०२३ साली जमिनीवरच्या सगळ्या संधिपादांचं, म्हणजे कीटक आणि त्यांच्या गोतातले कोळी-गोचिडीसारखे जीव यांचं, एकूण ओलं वजन सुमारे १०० कोटी टन असल्याचा अंदाज बांधला गेला. म्हणजे नुसते पक्षी आणि कोळीच वर्षाकाठी जवळपास सगळ्या शिल्लकेएवढा माल उचलतात. वटवाघळं, बेडूक, सरडे, पाली, मासे, मुंग्या आणि कीटकांना खाणारे कीटक यांची वही अजून उघडलेलीच नाही. तरी पुढच्या वर्षी गल्ला पुन्हा भरलेला असतो.

एका घरट्यापुरतं बघायचं तर अमेरिकेतला कॅरोलायना चिकडी हा पक्षी घ्यावा. त्याचं वजन जेमतेम दहा ग्रॅम. एका विणीची पिल्लं उडती करायला त्याच्या जोडीला ६ ते ९ हजार अळ्या आणाव्या लागतात. त्यांतली प्रत्येक अळी एक होऊ घातलेला पतंग किंवा फुलपाखरू होती. दिव्यावरचा पतंग म्हणूनच साधा नव्हे. त्याने या रांगेतून आपला नंबर चुकवलेला असतो.

खाणाऱ्यांना पुरून उरण्याचे डाव

काही कीटकांनी या उलाढालीवर विलक्षण तोडगे काढले आहेत. अमेरिकेच्या पूर्व भागातले सिकाडा १३ किंवा १७ वर्षं जमिनीखाली मुळांचा रस पीत काढतात आणि ठरल्या वर्षी सगळे एकदम वर येतात. दाट जागी एका एकरात १५ लाखांपर्यंत. पक्षी, खारी, साप यांनी कितीही ताव मारला, तरी खाणाऱ्यांची पोटं भरतात आणि सिकाडा उरतात. १३ आणि १७ या दोन्ही मूळ संख्या असल्यामुळे दोन ठरावीक गटांची गाठ १३ गुणिले १७, म्हणजे २२१ वर्षांनी एकदाच पडते. २०२४ साली ती पडली. त्याआधीची गाठ १८०३ सालची, म्हणजे वसईच्या तहानंतर इंग्रज-मराठे दुसऱ्या युद्धात भिडले त्या वर्षीची.

दुसरा डाव पळून जाण्याचा. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की दर ऑक्टोबरमध्ये त्या बेटांवर लाखो चतुर उतरतात. चतुराची पिल्लं गोड्या पाण्यात वाढतात, आणि मालदीवमध्ये तर पृष्ठभागावर गोडं पाणी जवळपास नाहीच. मग ते येतात कुठून? २००९ साली त्याने उत्तर मांडलं: पाऊस संपवून भारतातून निघालेले हे चतुर वाऱ्यावर स्वार होऊन मालदीवमार्गे पूर्व आफ्रिकेकडे जातात आणि त्यांचे वंशज पुढच्या मोसमी वाऱ्यांबरोबर परततात. चार पिढ्यांत मिळून १४ ते १८ हजार किलोमीटरचा फेरा. पावसाळा सरताना आपल्याकडे मैदानांवर पिवळसर चतुरांचे जे थवे तरंगतात, ते याच जातीचे. अंगाची लांबी पाच सेंटीमीटरही नाही.

अशा प्रवाशांची वर्दळ किती असते, हे रडारने मोजलं गेलंय. दक्षिण इंग्लंडच्या आकाशातून दरवर्षी सुमारे साडेतीन लाख कोटी कीटक ये-जा करतात, आणि त्यांचं वजन भरतं ३,२०० टन. खालून जाणाऱ्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो.

तीन अंडी वाचतात तेव्हा

वाळवंटी टोळाची गोष्ट म्हणजे हजारात तिसरं अंडं वाचल्यावर काय होतं याचा धडा. २०१८ साली मे महिन्यात मेकुनू आणि ऑक्टोबरमध्ये लुबान अशी दोन चक्रीवादळं अरबस्तानच्या रब-अल-खाली या ओसाड वाळवंटावर बरसली. ओली वाळू आणि उगवलेला हिरवा पाला टोळांना पुरेसा झाला. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या हिशोबाने अनुकूल काळात टोळ तीन महिन्यांत २० पट होतात, सहा महिन्यांत ४०० पट आणि नऊ महिन्यांत ८,००० पट. त्या निर्मनुष्य वाळवंटात कोणी पाहायला नसताना तीन पिढ्या अशाच वाढल्या.

गर्दी झाली की टोळ बदलतो. मागच्या पायांना सतत दुसऱ्यांचा स्पर्श होऊ लागला, की त्याच्या मज्जासंस्थेत सेरोटोनिन वाढतं आणि काही तासांतच हा एकलकोंडा किडा झुंडीत सामील होतो. पुढचं गणित झुंडीचं. एक चौरस किलोमीटरच्या थव्यात ४ ते ८ कोटी टोळ असतात, आणि असा एक लहानसा थवाही दिवसाला ३५ हजार माणसांएवढं खातो. २०२०च्या सुरुवातीला केनियात दिसलेला एक थवा २,४०० चौरस किलोमीटरचा होता. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे मिळून ६०३ चौरस किलोमीटर. थवा त्यांच्या चौपट. त्यात किमान ९,६०० कोटी टोळ असणार, आणि त्यांची रोजची भूक सव्वाआठ कोटींहून अधिक माणसांची. त्याच वर्षीच्या मे महिन्यात टोळधाड मध्य प्रदेशातून विदर्भात उतरली, आणि अमरावती, वर्धा, नागपूरच्या शेतकऱ्यांनी संत्र्याच्या बागांत डबे बडवले. त्या बागांमागे दोन वर्षांपूर्वी वाळवंटात पडलेला पाऊस होता.

एकच वाचतो तेव्हा

इतिहासातली सर्वांत मोठी नोंदवलेली टोळधाड मात्र आफ्रिकेतली नाही, अमेरिकेतली आहे. १८७५ साली नेब्रास्कातल्या अल्बर्ट चाइल्ड या गृहस्थाने आपल्या डोक्यावरून जाणारा रॉकी पर्वतीय टोळांचा थवा मोजायचं ठरवलं. आसपासच्या गावांना तारा पाठवून त्याने थव्याची रुंदी काढली: सुमारे १८० किलोमीटर. वेग आणि वेळ धरून लांबी निघाली २,९०० किलोमीटर. थवा पाच दिवस जात होता. क्षेत्रफळ पाच लाख चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे सबंध महाराष्ट्र झाकून वर त्याच्या निम्म्याहून जास्त प्रदेश उरेल एवढं. टोळांची संख्या किमान साडेतीन लाख कोटी मानली जाते.

या जातीचा शेवटचा जिवंत टोळ दिसला १९०२ साली. साडेतीन लाख कोटींवरून शून्यावर यायला २७ वर्षं लागली, आणि त्यासाठी कोणी ठरवून मोहीम काढली नव्हती. कीटकशास्त्रज्ञ जेफ्री लॉकवुड यांनी लावलेला उलगडा असा: थवे खंडभर पसरत असले, तरी धाडींच्या मधल्या काळात ही जात रॉकी पर्वतातल्या मोजक्या नदीखोऱ्यांत अंडी घालून तग धरायची. नेमक्या त्याच खोऱ्यांत वसाहतवाले शेतकरी आले. त्यांनी जमीन नांगरली, पाणी खेळवलं, गुरं सोडली. अंडी उकरली गेली, बुडाली, तुडवली गेली. हजारातली दोन वाचायची तिथे एकही वाचेना. आकाश झाकणाऱ्या जातीची तिजोरी एवढ्याशा खोऱ्यांत होती, आणि शेतकऱ्यांना ते ठाऊकही नव्हतं.

अशीच तिजोरी आज मोनार्क फुलपाखराची आहे. कॅनडा आणि अमेरिकेच्या पूर्व भागातली मोनार्क हिवाळ्यात चार हजार किलोमीटरपर्यंत उडून मध्य मेक्सिकोतल्या डोंगरांवर, ओयामेल या फरच्या झाडांवर, एकमेकांना बिलगून बसतात. फुलपाखरू अर्ध्या ग्रॅमचं, पण फांद्या वाकतात. ही फुलपाखरं मोजत नाहीत, त्यांनी व्यापलेलं रान मोजतात. हेक्टरी साधारण २ कोटी १० लाख धरायची. १९९६-९७च्या हिवाळ्यात ती १८ हेक्टरांवर होती, २०१३-१४मध्ये पाऊण हेक्टरापेक्षाही कमी जागेत. अदमासे ३८ कोटींवरून दीड कोटीच्या आत. हिवाळ्याचं रान तर तुटत होतंच, पण तिकडे दूर उत्तरेत मका आणि सोयाबीनच्या शेतांतलं तणही तणनाशकांनी साफ झालं, आणि मोनार्कच्या अळीला त्या तणांतलं एकच झाड चालतं, रुईच्या कुळातलं मिल्कवीड. इथेही मोठ्या माद्यांना कोणी हात लावला नाही. अळी काय खाणार, एवढाच प्रश्न उभा राहिला.

लहान आकड्यांची किंमत

म्हणूनच कीटकांच्या जगात छोट्या आकड्यांकडे जास्त लक्ष द्यायला हवं. जर्मन रसायनतज्ज्ञ अडोल्फ बुटेनांट यांनी रेशमाच्या पतंगाच्या मादीचा गंध वेगळा काढला, तेव्हा पाच लाख माद्यांच्या गंधग्रंथी वापरून हाती काही मिलिग्रॅम द्रव्य लागलं. १९५९ साली त्याची रचना कळली. नराच्या मिशीवरची एक संवेदी पेशी जागी व्हायला या द्रव्याचा एकच रेणू पुरतो.

याच तत्त्वावर आपल्याकडचे कामगंध सापळे चालतात. कपाशीच्या शेतात गुलाबी बोंडअळीसाठी लावलेल्या सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग सापडले, की फवारणीची वेळ आली असं शेतकऱ्याला सांगितलं जातं. आठ! लाख कोटींच्या या जगात आठ पतंगांना काय किंमत, असं वाटेल. पण हा आकडा पुढच्या पिढीच्या उलाढालीची आगाऊ खबर देतो. यवतमाळचा कापूसवाला शिल्लक मोजायला बसत नाही. आवक कशी चालली आहे ते बघतो.

तोच धडा जर्मनीतल्या क्रेफेल्ड गावच्या हौशी कीटकप्रेमींच्या मंडळाने जगाला दिला. १९८९पासून २०१६पर्यंत २७ वर्षं त्यांनी ६३ संरक्षित जागी एकाच पद्धतीचे तंबूसारखे सापळे लावले, त्यात सापडलेले उडते कीटक अल्कोहोलच्या बाटल्यांत भरले आणि निथळवून तोलले. जाती ओळखत बसण्याआधी फक्त वजन. २०१७ साली निकाल प्रसिद्ध झाला: २७ वर्षांत वजन तीन-चतुर्थांशाहून जास्त, ७६ टक्क्यांनी, घटलं होतं. तेही शेतात किंवा शहरात नव्हे, राखीव जागांमध्ये. इतक्या वर्षांत त्यांच्या तराजूवर चढलेले सगळे कीटक मिळून भरले जेमतेम ५३ किलो, एका सडपातळ माणसाएवढे. जगभरच्या सरकारांना आणि विद्यापीठांना कीटकांच्या ऱ्हासाकडे वळून बघायला लावलं ते या ५३ किलोंनी.

शंभर परार्धांच्या हिशोबात ७६ टक्के गेले तरी चोवीस परार्ध उरतात, आणि उरलेल्यांकडे पाहून सगळं ठीक आहे असं म्हणायला कोणीही मोकळा असतो. १८७५ साली आकाशाकडे पाहणारा माणूसही तेच म्हणाला असता. म्हणून यापुढे किड्यांचा एखादा भव्य आकडा कानावर पडला, तर आधी एक प्रश्न विचारावा: हा शिल्लकेचा आकडा आहे की उलाढालीचा? शिल्लकेचा असेल, तर त्यावर थक्क व्हायला हरकत नाही. विसंबून मात्र राहू नये.